फाटकाच्या घंटीची तार

अकोल्याहून वाशीमकडे येणाऱ्या छोट्या लाइनीवर, वाशीमच्या अलीकडच्या एका स्टेशनात मी तारवाला म्हणून नोकरी करत होतो. दुसरी लढाई चालू होती. स्टेशनातली तारयंत्रं, फाटकांवरच्या घंट्या आणि त्यांना वीज पुरवणाऱ्या बॅटऱ्या माझ्या ताब्यात होत्या. दिवे लावणारी वीज त्या गावात अजून कुणी पाहिलेली नव्हती. आमची वीज काचेच्या बरण्यांत तयार होई. बरणीत नवसागराचं पाणी, त्यात जस्ताची कांडी आणि कोळशाची पट्टी. अशा बरण्या ओळीने एकमेकींना जोडायच्या. हात लावला तरी झटका बसू नये इतकी ती मवाळ. पण मैलभर लांबची घंटी तिच्यावर वाजायची.

मी मूळचा साताऱ्याकडचा. नोकरी लागली त्याच वर्षी आई गेली आणि घराला कुलूप लागलं. बहीण कोकणात दिलेली होती. तिचं पोस्टकार्ड सणासुदीला यायचं. स्टेशनात मास्तर होते, पण ते बायकोपोरांचे. दुपारी घरी जेवायला गेले की गाडीच्या वेळेपर्यंत दिसत नसत. गावातले लोक मला 'तारबाबू' म्हणत, वाटेत रामराम करत आणि पुढे जात. बोली समजायलाही मला वेळ लागला. कुणी 'कायले आले?' असं विचारलं की मला आपण नको आहोत असं वाटायचं. पुढे कळलं की ते साधं विचारणं असतं. पण तोवर मी गावात जाणंच कमी केलं होतं.

स्टेशनापासून मैलभरावर बैलगाड्यांच्या रस्त्यावर एक फाटक होतं. मेडशीकडून आणि आसपासच्या खेड्यांतून येणाऱ्या कापसाच्या गाड्या तिथून रूळ ओलांडत. गाडी सुटायच्या आधी मास्तरांनी स्टेशनातून बटण दाबायचं. फाटकावर घंटी वाजायची. फाटकवाल्याने फाटक लावून आपल्या खोपीतला दट्ट्या दाबायचा, की स्टेशनात उलट घंटी वाजायची. ती वाजली म्हणजे रस्ता बंद, गाडी सोडायला हरकत नाही. रात्री त्या तुकड्यावर गाडी नसे. उजाडल्यापासून दिवे लागेपर्यंतचं काम.

फाटकवाला साठीकडे झुकलेला, उंच, हाडापेराने मोठा माणूस होता. मी त्याला बाबाजी म्हणायचो. त्याची बायको त्याच्या निम्म्या उंचीची. तिला सगळे माय म्हणत. आठवड्यातून एकदा मी लाइनीने चालत तिथे जायचो, बॅटरीत पाणी घालायचो, जोड पुसायचो. माय गुळाचा चहा करायची. बोलायचीही तीच.

"तारबाबू, तुमच्याकडे जवारीची भाकर खातेत का नाई?"

"खातो की. पण तुमच्याइतकी पातळ नाही जमत."

"थापाले मन लागते बाप्पा," ती म्हणायची, आणि परत जाताना दोन भाकरी फडक्यात बांधून द्यायची.

बाबाजींना काही विचारलं तर उत्तर ती द्यायची. ते नुसते हसायचे, किंवा मान हलवायचे. संसार जुना झाला की एकाने बोलायचं आणि दुसऱ्याने ऐकायचं असं ठरून जात असेल, असं मला वाटायचं. माझ्या आठवड्यातला तो एक चहा सोडला तर दुसऱ्या कुणाच्या घरात मी बसत नव्हतो.

मग मला मलेरियाचा ताप आला. वाशीमच्या दवाखान्यात पडून राहिलो आणि परत आल्यावरही बरेच दिवस खोलीतच होतो. त्या दिवसांत माय गेली. पोटात दुखायला लागलं आणि दोन दिवसांत संपलं. मला हे मास्तरांकडून कळलं, तेही बॅटऱ्यांबद्दल बोलता बोलता. मी फाटकावर गेलो तेव्हा चूल गार होती. बाबाजी खोपीच्या दारात बसले होते. मी जवळ जाऊन बसलो. थोड्या वेळाने मी बॅटरीत पाणी घातलं आणि निघालो.

त्यानंतर काही दिवसांतच मास्तरांची तक्रार सुरू झाली.

"फाटकाची उलट घंटी उशिरा येते हो. कधी कधी मला चारदा बटण दाबावं लागतं. गाडी वाफ सोडत उभी, आणि मी इथे बटणावर अंगठा ठेवून. तुमच्या तारेत काहीतरी आहे."

तारेत काहीतरी होतंच. मैलभराच्या त्या तारेला लढाई सुरू झाल्यापासून ठिगळं लागली होती. जाड लोखंडी तार मिळत नव्हती. वादळात तुटलेल्या जागी आधीच्या माणसाने बारीक तार जोडून वेळ मारून नेली होती. मी कागद घेऊन बसलो.

हा हिशोब मला आवडायचा. बॅटरीतून निघालेली वीज म्हणजे विहिरीतून पाटात सोडलेलं पाणी. पाट जितका लांब आणि अरुंद, तितकं ते वाटेत जिरतं. शेवटच्या वाफ्याला किती पोचलं याला महत्त्व. तारेची जाडी निम्मी केली तर तिचा अडथळा दुप्पट होईल असं वाटतं, पण तो चौपट होतो. तारेला नंबर असतात, आणि नंबर जितका मोठा तितकी तार बारीक. घंटीचा हातोडा ओढायला किती जोर लागतो ते ठाऊक असतं, एक बरणी किती दाब देते ते ठाऊक असतं. मधल्या वाटेचं गणित मांडलं की तार कोणत्या नंबरची हवी आणि बरण्या किती हव्यात ते निघतं. निघालेलं उत्तर चूक की बरोबर हे घंटी लगेच सांगते. माझ्या आयुष्यात एवढं चटकन उत्तर देणारं दुसरं काही नव्हतं.

आकडे सांगत होते की ठिगळांमुळे निम्म्याहून जास्त जोर वाटेतच संपतोय. मी जाड तारेसाठी लिहिलं, पाठपुरावा केला, आणि वाशीमच्या गोदामातून एक जुनं पण चांगलं भेंडोळं मिळवलं. रूळ दुरुस्त करणाऱ्या गँगमधल्या माणसांना घेऊन सगळी ठिगळं काढली, नवीन तुकडे ओढले, जोड पिळून डाख दिला. दोन बरण्या वाढवल्या.

उलट घंटी तरीही उशिराच आली.

मग मी जमिनीकडे वळलो. आमच्या लाइनीला खांबांवर एकच तार होती. वीज तारेने जायची आणि परत यायची ती जमिनीतून. त्यासाठी दोन्ही टोकांना तांब्याचा पत्रा खोल पुरलेला असे. जमीन ओली असेल तर वीज सुखाने परत येते. पण माघ सरला की तिकडची काळी माती भेगाळते; भेगेत कोपरापर्यंत हात जातो. पत्र्याभोवतीची माती सुकून सुटली की वीज अडते. फाटकावरच्या पत्र्याची जागा मी उकरली. माती खापरासारखी झाली होती. मला आश्चर्य वाटलं, कारण मागच्या उन्हाळ्यात तीच जागा मऊ होती.

"बाबाजी, इथे पाणी कोण घालायचं?" मी ओरडून विचारलं. वारा होता.

ते माझ्या तोंडाकडे बघत होते. "बुढी," ते म्हणाले. "भांड्यायचं पानी तिथंच फेके. तुमी कवातरी सांगतलं होतं म्हने तिले."

मी सांगितलं असेन. मला आठवत नव्हतं. तिने मात्र पत्रा कशाला, वीज कशी, काही न विचारता रोज भांडी धुतलेलं पाणी त्या जागी टाकलं होतं. मी विहिरीवरून पाणी आणून तिथे ओतलं. माती सूं सूं आवाज करत पाणी प्यायली. मोजयंत्र लावलं तर काटा झकास सरकला. इतका जोर त्या लाइनीला मी आल्यापासून कधीच नव्हता. आता बाबाजींनी रोज बादलीभर पाणी घालायचं असं ठरलं, आणि मी खूश होऊन परतलो.

दोन दिवसांनी मास्तर म्हणाले, "आजही तीनदा."

चैत्र लागला होता. रामनवमीला पोहरादेवीची जत्रा भरते, आणि तिच्या आधी चार-पाच दिवस त्या रस्त्यावर गाड्यांची रीघ लागते. तांडेच्या तांडे जातात, बायकापोरं गाडीत, म्हातारे पायी. त्या गर्दीत घंटी उशिरा ऐकणारं फाटक कुणालाच परवडणारं नव्हतं. मी मास्तरांना म्हणालो, "उद्या मी फाटकावर बसतो. तुम्ही नेहमीप्रमाणे घंटी द्या. तिथे काय होतं ते बघतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेलो तेव्हा बाबाजी खोपीत घंटीसमोर बसलेले होते. खाट त्यांनी भिंतीपासून ओढून घंटीच्या पुढ्यात आणली होती. मला बघून उठले, माझ्यासाठी चहा ठेवायला चुलीपुढे बसले. फुंकणीने जाळ करत होते. पाठ घंटीकडे होती.

घंटी वाजली. खणखणीत वाजली. बाहेर बाभळीवर बसलेले कावळे उडाले. मी बाबाजींकडे बघितलं. ते शांतपणे चुलीत काटक्या सारत होते.

घंटी थांबली. पुन्हा वाजली. ते जाळाकडेच बघत होते.

मी पुढे होऊन त्यांच्या खांद्याला हात लावला. त्यासरशी ते ताडकन उठले, माझ्याकडे बघितलंही नाही, धावत जाऊन फाटक लावलं आणि येऊन दट्ट्या दाबला. मग खोपीच्या दारात उभे राहिले आणि माझ्याकडे वळले.

गाडी गेल्यावर मी त्यांच्या तोंडासमोर उभा राहून विचारलं, "कधीपासून?"

"लय सालं झाले," ते म्हणाले. "हयूहयू गेलं. आधी पाखरायचा आवाज गेला. मंग मान्सायचा."

"आणि घंटी?"

"घंटी बुढी आयके. मी आंगनात असो का वावरात, थे येऊन खांद्याले हात लावे. आपल्याले कायी तरास नव्हता."

ते खाटेवर बसले. घंटीकडे बोट दाखवलं.

"आता दिवसभर त्या हातोड्याकडे पाहत बसतो. थो हालला का उठतो. पन मानूस हाये बाबू. पानी आनाले जा लागते, भाकर टाका लागते. डोया लागते कदीमदी."

मायला जाऊन तीन-साडेतीन महिने झाले होते. इतके दिवस हा माणूस उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत त्या भिंतीसमोर बसून पितळेच्या एका इवल्या हातोड्याकडे बघत होता. मी खांबाखांबावर चढून तार तपासत होतो तेव्हाही तो इथे तसाच बसलेला असणार. मी तिथे येत होतो, पाणी घालत होतो, 'ठीक आहे ना?' विचारत होतो, आणि तो माझ्या ओठांकडे बघून मान हलवत होता.

"बाबाजी, हे मास्तरांना सांगावं लागेल," मी म्हणालो. एकदा सांगून कळलं नाही म्हणून पुन्हा, हळू, ओठ नीट हलवत म्हणालो. "जत्रेच्या गाड्या यायला लागल्यात. लेकरंबाळं असतात."

ते उठून दारात गेले, रस्त्यावरच्या गाड्या बघितल्या. मग म्हणाले, "सांगा. पन तुमी नोका सांगू. मी सोता सांगतो. दुपारची गाडी गेली का येतो."

आणि आले. धुतलेलं धोतर नेसून, पागोटं नीट बांधून, गँगच्या मुकादमाला घटकाभर फाटकावर बसवून, मैलभर चालत स्टेशनात आले. मास्तरांसमोर उभे राहून म्हणाले, "सायेब, मले आयकू येत नाई. गाडीखाली कोनी आलं तं पाप माह्या माथी बसन."

मास्तर तापट म्हणून प्रसिद्ध होते. ते बाबाजींकडे बघत राहिले आणि मग त्यांनी आपली खुर्ची पुढे सरकवली. "बसा," म्हणाले. बाबाजी बसले नाहीत.

जत्रा संपेपर्यंत मुकादमाने फाटकावर बाबाजींबरोबर राहायचं असं मास्तरांनी ठरवलं, आणि वर कळवायच्या आधी मला विचारलं, "तुमच्या विजेत यावर काही उपाय आहे का?"

उपाय होता. मी त्याच्यामागे लागलो. मैलभर लांबून जोराचा ठोका आणायचा तर तार मनगटाएवढी लागेल. पण लांबच्या तारेने नुसती एक हलकी कळ हलवायची, आणि त्या कळीने खोपीतच ठेवलेली दुसरी बॅटरी सुरू करायची, असं केलं तर काम सोपं होतं. लांबची तार आहे तीच पुरते, कारण तिला थोडंच काम. खोपीतली तार दोन-तीन हातांचीच, ती जाड घ्यायची, म्हणजे जोर जिरत नाही. जुन्या तारयंत्रातली कळ मी खोलून घेतली. खाटेच्या पायाशी एक जाड फळी ठोकली आणि तिच्यावर आपटणारा लोखंडी हातोडा बसवला. भिंतीवर लाल रंग दिलेली पत्र्याची चकती लावली. घंटी झाली की ती खाली पडायची आणि हाताने उचलेपर्यंत तशीच राहायची. पाणी आणून परत आलेल्या माणसाला ती दिसावी म्हणून.

पहिल्यांदा घंटी दिली तेव्हा बाबाजी खाटेवर डोळे मिटून बसले होते. फळीवर ठोका पडला आणि ते दचकून उठले. मग फळीवर अनवाणी पाय ठेवून पुन्हा बसले.

"अजून एकडाव," म्हणाले.

ठरल्याप्रमाणे मी दट्ट्या दाबून मास्तरांना पुन्हा घंटी द्यायची खूण केली. बाबाजींनी डोळे मिटले होते. ठोके पायांतून वर चढत होते तसा त्यांचा चेहरा सैलावत गेला. मायला जाऊन इतके महिने झाल्यावर मी त्यांना रडताना त्या दिवशी पाहिलं. मी बाहेर येऊन खांबाजवळ उभा राहिलो. जत्रेच्या गाड्या चालल्या होत्या, बैलांच्या घुंगरांचा आवाज होता, कुणी बाई गाणं म्हणत होती.

जत्रा निर्विघ्न पार पडली. एकदाही उलट घंटी उशिरा आली नाही.

वैशाखात वरचे अधिकारी तपासणीला आले. ट्रॉलीवरून उतरून त्यांनी कळ, हातोडा, चकती सगळं निरखून पाहिलं, दोन प्रश्न विचारले, माझ्या पाठीवर थाप मारली. मग बाबाजींना समोर उभं केलं, त्यांच्या पाठीमागे जाऊन टाळी वाजवली. बाबाजी समोरच्या रुळांकडे बघत उभे होते.

"यंत्र राहू दे," अधिकारी मास्तरांना म्हणाले, "माणूस बदला. रस्त्यावरून कुणी ओरडलं तर याला कसं कळणार?"

मला त्यात खोट काढता आली नाही. आजही येत नाही. एखादं पोर रुळावर अडखळलं आणि आई किंचाळली तर फळीवर ठोका पडला नसता. तरी त्या संध्याकाळी मी जेवलो नाही.

बाबाजींना स्टेशनात दिवे पुसायचं काम देऊ केलं होतं. त्यांनी ते घेतलं नाही. मेडशीजवळच्या खेड्यात त्यांची लेक दिलेली होती, तिचा नवरा गाडी घेऊन आला. सामान म्हणजे खाट, दोन पेट्या, माय पाणी भरायची ती घागर. गाडीत बसताना त्यांनी मला विचारलं, "तुमाले कोन हाये, बाबू?"

मी म्हणालो, "बहीण आहे. कोकणात."

त्यांना ते कळलं नसावं. त्यांनी मान हलवली, पूर्वीसारखीच.

नवा फाटकवाला तरुण होता, कानाचा तिखट. घंटीचा पहिला टोल पडला की उलट घंटी यायची. त्याला गप्पांची आवड होती, पण ती गावातल्या त्याच्या दोस्तांशी. मी गेलो की तो उठून कामाला लागायचा, साहेबासमोर लागावं तसा. चहा कुणी विचारला नाही. मी पाणी घालून, जोड पुसून परत यायचो. लाइन उत्तम चालत होती, तिच्यात दुरुस्त करायला काही उरलं नव्हतं, आणि दुपारभर करायचं काय हा प्रश्न मला पडायचा. त्या पावसाळ्यात मी आठ-आठ दिवस मास्तरांशिवाय कुणाशी बोललो नाही. एकदा स्वतःशी मोठ्याने बोलून पाहिलं. आवाज ओळखीचा वाटेना म्हणून गप्प झालो.

पुढच्या हिवाळ्यात माझी बदली झाली. जायच्या आधी एका सुट्टीला मी मेडशीच्या बाजूला गेलो. लेकीने वावराकडे बोट दाखवलं. जवारी निसवली होती, कणसांत दूध भरलं होतं, आणि मधोमध लाकडांच्या माळ्यावर बाबाजी हातात गोफण घेऊन बसले होते. पाखरांचा थवा उतरताना दिसला की गोफण फिरायची. मी खालून हात हलवला तेव्हा त्यांनी ओळखलं आणि माळ्याची शिडी दाखवली. वर दोघांपुरती जागा होती. त्यांनी मला तुरीच्या शेंगा सोलून दिल्या. तार कशी आहे, मास्तर कसे आहेत, नवा माणूस पाणी घालतो का, असं ते विचारत गेले आणि माझ्या तोंडाकडे न बघताच पुढचं बोलत गेले, कारण त्यांची नजर पाखरांवर होती. मी उत्तरं देत राहिलो. ऊन कललं तेव्हा लेक भाकरी घेऊन बांधावर आली आणि तिने खालूनच मला विचारलं, "मामा, तुमी तिखट खाता का?"

मी हो म्हणालो आणि शिडीवरून खाली उतरलो.